हजेरीपट

मी तेव्हा संग्रामपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मुख्याध्यापक होतो. चौथीतल्या एका मुलाला रक्ताचा कॅन्सर निघाला. शेगावहून रेल्वेनं मुंबई गाठायची आणि परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायचं, असं ठरलं. निघण्याआधी बाप बोनाफाईडसाठी आला.

"सर, पोरगं दप्तर नेतो म्हन्ते. नेऊ द्या काय?"

"आधी जीव वाचवा. अभ्यासाचं मी बघतो," मी म्हणालो.

बघितलं ते असं: रोज त्याच्या नावापुढे हजेरी लावली. नाव कमी झालं तर पट उतरणार, पट उतरला तर एक शिक्षक अतिरिक्त ठरणार. पोरगं परळला सलाईनवर, आणि आमच्या नोंदवहीत खिचडी खात होतं.

4 जुलै 2015 ला राज्यभर शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. घरोघर जाऊन मुलांच्या बोटाला शाई लावायची होती. त्याच्या दारात आजी म्हणाली, "तो मुंबईलेच हाये." महिन्याहून अधिक सलग गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरायचं होतं. अशा मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावं, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. खरी नोंद केली असती तर त्याच्या शिकण्याचा विषय निदान कागदावर आला असता. पण रोज हजर असलेला मुलगा शाळाबाह्य कसा दाखवणार? मी शून्य लिहिलं.

मुंबईहून एका शिकवणाऱ्या ताईंचा फोनही आला होता. हे उपचार दोन-तीन वर्षं चालतात, म्हणून तिथे सेंट ज्यूडच्या निवासी केंद्रांत मुलांना शिकवतात, कॅनकिड्सची 'कॅनशाला' आहे. हे मला फार उशिरा कळलं. ताईंना हवं होतं ते इतकंच: आमची पुस्तकं, आणि शिकवणं कुठवर आलंय. "पाठवतो," म्हणालो. त्याच्या नावाचा बालभारतीचा संच माझ्याच कपाटात होता. तिथेच राहिला.

तो बरा होऊन परतला तोवर वर्ग सहावीत गेला होता, आणि कागदोपत्री तोही. वाचन पक्कं होतं. ती ताईंची कमाई. अपूर्णांक मात्र कुणीच शिकवले नव्हते. एकदा त्यानं विचारलं, "सर, मी नव्हतो तवा काय काय झालं?" मी विषय बदलला. नोंदवहीप्रमाणे तो होता.

आठवीला तालुक्याच्या शाळेत गेला, दिवाळीपर्यंत टिकला. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला मीच भरला होता. प्रगतीच्या रकान्यात 'समाधानकारक' लिहिलं. सगळ्यांच्या दाखल्यावर तेच लिहायचो.