निवाडा आपल्याच घराचा

आपल्यावर झालेले संस्कार चांगले होते की वाईट, हे ठरवणार कोण? आपणच. पण ज्या मनाने ठरवायचं, ते मन त्याच संस्कारांनी घडवलेलं. आरोपीच्या घरात वाढलेल्याने न्यायासनावर बसावं, तशी ही गोष्ट.

नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबती, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. गावाची इडापिडा त्यांच्यासोबत वेशीबाहेर घालवायची. मागे बडगे, म्हणजे टीका करणारे पुतळे, असतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, पुढाऱ्यांचे. इतवारीतल्या गर्दीत उभं राहून हे बघताना मजा येते. पण बडगे सगळे दुसऱ्यांच्या दुर्गुणांचे. आमच्या घरात संध्याकाळी शुभंकरोती होती आणि फडताळात कामवाल्या बाईंचा वेगळा कपही होता. दोन्ही एकाच आजीने शिकवलं, तेवढ्याच मायेने. त्या कपाचा बडग्या कुणी काढला नाही.

घरच्या वारशाचा निवाडा उघडपणे कसा करावा, हेही याच गावाने पाहिलंय. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीला, नागपुरात लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. मधे एकवीस वर्षं गेली. एवढा अवधी त्यांनी रागाच्या भरात घालवला नाही, अभ्यासात घालवला.

आणि घरचं सगळं टाकलंही नाही. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. ते मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावत. त्यातल्या थोरांचं वागणं भीमरावांना पटत नसे आणि ते वडिलांनाच जाब विचारत. पुढे त्यांनी ज्या धर्माने अस्पृश्यता दिली तो सोडला. कबीर मात्र बुद्ध आणि फुल्यांसोबत गुरूच्या जागी राहिले. वाचनाचं वेडही वडिलांच्या घरातलंच. ठेवायचं काय आणि सोडायचं काय, याची कसोटी एकच होती: समता.

आपण मात्र 'आमचे संस्कार' म्हटलं की एक तर आरती ओवाळतो, नाही तर सगळंच बुरसटलेलं म्हणून मोकळे होतो. दोन्हींत निवडण्याचे कष्ट वाचतात. ज्याला संस्कारातून माया मिळाली, त्याची साक्ष अपुरी असते. आजीबद्दल मला विचाराल तर मी गहिवरूनच बोलेन. वेगळ्या कपातून ज्यांनी चहा घेतला, त्यांना आधी विचारा. निकाल त्यानंतर द्या.