नगरचे रणगाडे आणि पस्तिसावा हिस्सा

पुण्याहून नगरास जाणारा रस्ता आतां इतका रुंद झाला आहे कीं, शिरूरची घोडनदी केव्हां मागें पडली हें डुलकी लागलेल्या प्रवाशास कळतहि नाहीं. शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. आमच्या पिढीच्या जिभेवर मात्र ‘नगर’च बसलेलें आहे, तें वाचकांनीं चालवून घ्यावें. येथें येणारे बहुतेक लोक किल्ला पाहतात, कारण १९४२ ते १९४५ पर्यंत पंडित नेहरू तेथें कैदेंत होते; किंवा तसेच पुढें शनिशिंगणापूर, शिर्डीची वाट धरतात. आम्ही गेलों तें छावणीकडील रणगाड्यांचें संग्रहालय पाहावयास, आणि तेंहि वही व मोजपट्टी बरोबर घेऊन.

याचें कारण आमचा नातू. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षास असलेला हा मुलगा सुटींत प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून रणगाड्यांच्या प्रतिकृति करतो. खर्‍याच्या पस्तिसाव्या हिश्शाचें हें प्रमाण कोठून आलें, असें आम्हीं विचारलें, तेव्हां त्यानें सांगितलेली हकीगत मोठी गमतीची आहे. जपानांतील शिझुओका गांवची तामिया ही मंडळी १९४६ पासून लांकडाची वखार चालवीत. तिचीच पुढें खेळण्यांची कंपनी झाली. १९६०च्या सुमारास तिनें एका जर्मन रणगाड्याची चालती प्रतिकृति काढली. पोटांत मोटर व विजेच्या बॅटर्‍या मावतील एवढें तिचें आकारमान ठेवलें होतें. मागाहून मोजून पाहिलें तों तें पस्तिसाव्या हिश्शाच्या जवळपास निघालें, आणि पुढें जगभर तेंच प्रमाण रूढ झालें! आमच्या शिल्पशास्त्रांत मूर्तीचें मान अंगुल आणि यव यांनीं बांधलेलें असतें. आठ यव म्हणजे एक अंगुल. येथें मान बांधलें तें बॅटरीनें. असो.

नगरचें हें संग्रहालय आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या लष्करी संस्थेनें १९९४च्या फेब्रुवारींत उघडलें. सुमारें पन्नास गाड्या तेथें आहेत. सर्वांत जुनी रोल्स-रॉइस कंपनीची चिलखती मोटार. एखाद्या संस्थानिकाच्या गाडीस पोलादी अंगरखा घालावा तशी ती दिसते. इंग्रजांच्या माटिल्डा, व्हॅलेंटाइन व चर्चिल या गाड्या, जपान्यांचा बुटका हा-गो आणि आपल्या देशांत बनलेला विजयंत, हीं सारीं धुडें उघड्यावर उन्हांत उभीं आहेत. दुपारीं पत्रा इतका तापतो कीं, हात लावला तर चटका बसावा. आंत चार माणसें बसून लढत असत, ही गोष्ट पुस्तकांत वाचून समजत नाहीं. ती त्या चटक्यानें समजते.

आमचें काम सेंच्युरियन या गाडीशीं होतें. वजन पन्नास टनांहून अधिक. दोन्ही बाजूंस सहा सहा चाकें, तीं जोडीजोडीनें टांगलेलीं. १९७१ सालीं शकरगड भागांत बसंतर नदी ओलांडून पूना हॉर्स ही पलटण याच गाड्यांतून लढली. त्यांतील एका गाडीचें नांव ‘फामागुस्ता’. सायप्रस बेटावरील एका बंदराचें हें नांव. तींत सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल होते. जन्म पुण्याचा, १९५० सालचा. शिक्षण खडकवासल्याच्या प्रबोधिनींत. पलटणींत दाखल होऊन अवघे सहा महिने झालेले. १६ डिसेंबर रोजीं गाडीस आग लागल्यावर मागें येण्याचा हुकूम झाला. तोफ अद्याप चालते आहे म्हणून त्यांनीं माघार घेतली नाहीं, आणि तेथेंच त्यांचा अंत झाला. परमवीरचक्र मरणोत्तर मिळालें. ही गाडी दुरुस्त करून नगरच्याच लष्करी संस्थेनें जतन केली आहे. त्या दिवशीं आम्हांस तिचें दर्शन घडलें नाहीं. संग्रहालयांतील तिच्या सजातीय गाडीवर व छायाचित्रांवर आम्हीं भागविलें.

विकत मिळणारी प्रतिकृति इंग्लंडच्या सैन्यांतील गाडीची असते. तिला आपल्या पलटणीची करावयाची म्हणजे पुष्कळ कापाकापी आली. बाजूस जे पातळ पोलादी पत्रे लोंबतात त्यांचेंच पाहा. खर्‍या पत्र्याची जाडी सहा मिलिमीटर धरली, तर प्रतिकृतींत ती मिलिमीटरच्या पांचव्या हिश्शाहूनहि कमी यावयास हवी. सांच्यांतून निघालेला प्लॅस्टिकचा तुकडा मात्र चांगला एक मिलिमीटर जाड, म्हणजे खर्‍यांत पस्तीस मिलिमीटर! नातवानें तो काढून पितळेचा पातळ पत्रा कापून बसविला. बुरूज ओतीव पोलादाचा असल्यानें त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो. तो आणण्यासाठीं प्लॅस्टिक विरघळविणारें द्रावण लावून राठ कुंचल्यानें ठोकावें लागतें. तोफेच्या मुळाशीं कॅनव्हासचा बुरखा असतो, तो पातळ कागद गोंदाच्या पाण्यांत भिजवून चुण्या पाडून केला. तोफेचें तोंड ८४ मिलिमीटरांचें. पस्तिसावा हिस्सा घेतां तें सुमारें अडीच मिलिमीटर, म्हणजे बरोबर एका यवाएवढें भरतें, याचें आम्हांस उगीचच समाधान वाटलें. रंग मात्र मूळचाच देऊन चालत नाहीं. लहान वस्तूवर गडद हिरवा रंग काळा दिसूं लागतो, म्हणून त्यांत थोडा फिका रंग मिसळावा लागतो.

या उद्योगास घरांतून विरोध झाला, तो वहिनींचा. जींत विशी नुकतीच ओलांडलेला मुलगा जळाला ती गाडी दिवाणखान्याच्या कपाटांत शोभेस ठेवावयाची, हें त्यांच्या मनास पटेना. त्यांचें म्हणणें सर्वस्वीं चुकीचें होतें असें आम्हांस आजहि वाटत नाहीं. त्यांतच नातवाचा बेत गाडी जळालेल्या स्थितींत दाखविण्याचा होता. काजळी, छिद्रें, सर्व कांहीं. कारागिरीस त्यांत वाव अधिक, असें तो म्हणे.

आमचे थोरले बंधू, ज्यांना घरांत सारे दादा म्हणतात, १९७१ सालीं त्याच आघाडीवर रणगाडे दुरुस्त करणार्‍या तुकडींत होते. पन्नास वर्षांत त्यांनीं त्या दिवसांविषयीं आम्हांस चार वाक्यें सांगितलीं असतील तर शपथ. आतां वय सत्याहत्तर. दृष्टि अधू झालेली. एके सायंकाळीं नातवानें अर्धवट झालेली गाडी त्यांच्या हातीं दिली. दादांनीं ती डोळ्यांशीं न नेतां बोटांनींच चाचपली.

“ओढण्याचा दोर कोठें आहे?” त्यांनीं विचारलें.

“मागें गुंडाळून ठेवला आहे, आजोबा. चित्रांत तसाच आहे.”

“चित्र परेडचें असेल. एक टोंक पुढच्या कडीला आधींच अडकवून ठेवतात. गोळे पडत असतांना खालीं उतरून कोण बांधीत बसणार?”

त्यानंतर दादा तासभर बोलत होते. चिखल पत्र्यावर नव्हे, चाकांच्या मधल्या बेचक्यांत कसा दाटून बसतो. बंद पडलेल्या गाडीच्या आंत प्रथम कोणी जावयाचें यावर तुकडींत कसा बोलण्यावांचून संकेत ठरलेला होता. आंत काय दिसे. शेवटचें सांगतांना ते थांबले, आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

“जळलेली नको करूंस,” दादा नातवास म्हणाले. “त्या पहांटे नदी उतरली तेव्हांची कर.”

खेतरपालांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर, २००१ सालीं आपली जन्मभूमि पाहावयास पाकिस्तानांत गेले होते. ज्यांच्या घरीं त्यांचा पाहुणचार झाला त्या ब्रिगेडियर नासर यांनींच, आपल्या हातून त्यांचा मुलगा पडला, असें त्यांस सांगितलें. हें आम्हीं त्या रात्रीं वहिनींना सांगितलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसर्‍या दिवशीं कपाटांतील चांदीचीं भांडीं मात्र वरच्या फळीवर गेलीं.

दोर विजेच्या तारेंतील तांब्याचे तंतू पिळून तीन वेळां केला, तेव्हां दादांच्या बोटांस पसंत पडला. आतां गाडीवर नांव घालावयाचें राहिलें आहे. अक्षरें दोन मिलिमीटरांहूनहि लहान यावयाचीं. पुढील महिन्यांत दादांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे. ती झाल्यावर, त्यांच्यासमोर बसूनच तें लिहावयाचें, असें नातवानें ठरविलें आहे.