बर्फात जन्मलेला अंदाज

एप्रिलच्या मध्यावर वावरांत वखरणी चालू असते, तेव्हा तो गुरुकुंज मोझरीत येतो. नागपूर-अमरावती हमरस्त्यावरच्या टपरीत पेपर उघडला की पहिल्या पानावर तोच: मान्सूनचा पहिला अंदाज. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आटोपून माणसं घराकडे वळतात, तेव्हाही बोलणं त्याचंच.

"काय म्हन्ते औंदाचं पाणी?"

"एकशे तीन टक्के म्हन्ते."

"आपल्या वावरात किती पडन, ते म्हन्ते काय?"

ते त्याला सांगता येत नाही. त्याची नजर साऱ्या देशावर. जून ते सप्टेंबर मिळून ८७ सेंटिमीटर ही त्याची सरासरी; ९६ ते १०४ टक्क्यांत बसलं की तो 'सर्वसाधारण' म्हणतो. आपण पाच टक्के इकडेतिकडे चुकू शकतो, हेही तो आधीच सांगतो. त्याचा हा सच्चेपणा मला फार मोलाचा वाटतो. मथळ्यात नेमकं तेवढंच वाक्य गळतं.

वऱ्हाडाच्या उन्हात येणाऱ्या या पाहुण्याचा जन्म मात्र बर्फातला. १८७६-७८च्या दुष्काळाने लाखो माणसं नेली, आणि सरकारला पावसाची आगाऊ खबर हवीशी झाली. हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयाकडे नजर लावली. तिकडे हिवाळ्यात, वसंतात बर्फ जास्त पडला तर पुढचा मान्सून रोडावतो, असं त्यांनी १८८४ साली मांडलं. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो. जे ऊन उरतं ते बर्फ वितळवण्यात आणि मग ओली जमीन सुकवण्यात खर्ची पडतं. डोंगर-पठारं तापायला उशीर होतो, आणि समुद्रावरचं वारं जमिनीकडे हव्या त्या जोराने ओढलं जात नाही. औलीच्या उतारावर स्की करणारे ज्या बातमीने हरखतात, तीच बातमी या हिशेबाने मोझरीच्या सोयाबीनवाल्याच्या काळजाचा ठोका चुकवणारी.

नुसत्या बर्फावर मात्र त्याचं भागलं नाही. १८९९ साली चांगला पाऊस सांगितला गेला आणि पडला दुष्काळ. वऱ्हाडही त्यात होरपळला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी त्याला दूरच्या समुद्रांवरच्या हवेचा दाब वाचायला शिकवलं. १९२८ साली खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. १९८८ साली वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचं सूत्र बसवलं, त्यात बर्फाचे घटक दोन होते: हिमालयातला आणि युरेशियातला. चौदा वर्षं या सूत्राने मान वर ठेवली. २००२ साली त्याने १०१ टक्के सांगितले आणि पडले ८१. त्या जुलैत आभाळाकडे बघून थकलेले डोळे ज्यांनी पाहिले, त्यांना हा आकडा पाठ करावा लागत नाही. सूत्र बदललं, आता महासागर आणि वातावरण एकत्र धरून संगणकावर गणित होतं. तरी एप्रिलच्या निवेदनात बर्फाची ओळ अजून असते.

मला हा पाहुणा आवडतो, पण तिफन त्याच्या भरवशावर जुंपू नये. सरासरी भरूनही वावर बुडतं. मृगाच्या एका सरीवर पेरलं आणि पुढे पंधरा दिवस पाणी गडप झालं, तर सोयाबीनचा कोंब ढेकळाखालीच करपतो. मग दुबार पेरणी: बियाण्याची बॅग पुन्हा, खत पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि पहिलं कर्ज अजून तसंच. सप्टेंबरात धो धो कोसळून एकशे तीन टक्के भरले, तरी तो कोंब परत येत नाही. म्हणून तर कृषी विद्यापीठ बजावतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका.

एप्रिलचा अंदाज घ्यावा तो बेतासाठी. पराटी किती, सोयाबीन किती, तुरीचे तास वाढवायचे का, कोरडवाहू वावरात कमी दिवसांचं वाण घ्यायचं का, एवढं त्याला विचारावं. मेअखेरीस तो दुरुस्त होऊन पुन्हा येतो, तेव्हा मध्य भारताचा आकडा वेगळा काढून देतो. पेरणीचा दिवस विचारायचा तो त्याच्या धाकट्या भावाला. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, पुढच्या पाच दिवसांचंच बोलतो. तो पहिल्या पानावर येत नाही. मोबाइलवर शोधून वाचावा लागतो.