मिटल्या डोळ्यांचा तोल

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील आमच्या धानाच्या बांध्यांमधले धुरे जेमतेम वीतभर रुंद. रोवणीच्या दिवसांत बाबा डोक्यावर पऱ्ह्यांचा भारा घेऊन त्या निसरड्या धुऱ्यांवरून खाली न पाहता चालत. त्याच बाबांचा तोल वयाच्या ७८व्या वर्षी न्हाणीघरात तोंडाला साबण लावताना गेला. महिन्याभरातली ही दुसरी वेळ होती. "बाबा, तुम्ही लक्षच देत नाही," मी रागावून म्हणालो. ते काहीच बोलले नाहीत.

डॉक्टरांनी त्यांना पाय जुळवून उभे केले. डोळे उघडे असताना ते स्थिर होते. मिटताच डोलू लागले. मग पायाचा अंगठा हळूच हलवून तो वर आहे की खाली, असे विचारले. मिटल्या डोळ्यांनी बाबांना ते सांगता येईना.

आपल्या स्नायूंच्या आत चातीच्या आकाराची सूक्ष्म संवेदके असतात. स्नायू किती आणि किती वेगाने ताणला गेला, हे ती मज्जातंतूंमार्फत कळवतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांतील संवेदके ओढीचा जोर सांगतात. म्हणूनच न पाहताही आपले पाऊल कुठे आहे, हे आपल्याला ठाऊक असते. चार्ल्स शेरिंग्टन या शरीरशास्त्रज्ञाने १९०६ साली या जाणिवेला स्वतंत्र नाव दिले.

डोळे, अंतःकर्ण आणि ही जाणीव या तिन्हींच्या आधाराने शरीर तोल सांभाळते. बाबांच्या जुन्या मधुमेहाने पायांचे मज्जातंतू दुबळे झाले होते. ती उणीव डोळे भरून काढत. साबणासाठी डोळे मिटले, की तोही आधार सुटे. रक्तात 'बी-१२' जीवनसत्त्वही कमी निघाले. त्यावर उपचार सुरू झाले.

आता बाबा स्टुलावर बसून तोंड धुतात. न्हाणीघराच्या भिंतीला दांडी आहे, रात्री वाटेवर दिवा असतो, सैल चपला गेल्या. रोज स्वयंपाकाच्या ओट्याला धरून ते टाचा उचलतात. तेव्हा कुणीतरी जवळ उभे असते.

संध्याकाळी आम्ही गावतलावाच्या पाळीवर फिरतो. बाबांचा हात माझ्या खांद्यावर असतो, नजर जमिनीवर. 'लक्ष द्या' असे मी आता म्हणत नाही. "इथे उतार आहे," एवढेच सांगतो.