जप्तीचा एपिसोड

मालिकेत घरावर जप्ती आली की मला हसू यायचं. नागरी सहकारी बँकेच्या वसुली खात्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला दुसरं काय होणार? ऐन गौरी-गणपतीत बँकेचा सुटाबुटातला माणूस दारात उभा राहतो, चोवीस तासांत घर खाली करा म्हणतो. चार हमाल देव्हाऱ्यासकट सामान अंगणात आणून टाकतात. बाहेर कुणीतरी ढोल बडवून लिलाव पुकारतो. सासरे छातीला हात लावून सोफ्यावर कोसळतात आणि धाकटी सून मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवते. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीन-तीनदा कॅमेरा. आमच्या सौ. डोळे पुसायच्या आणि मी शेजारी बसून चुका काढायचो.

चुका काढायला जागाही भरपूर होती. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीएत, म्हणजे अनुत्पादक कर्जांत जातं. मग सरफेसी या वसुलीच्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस. त्यानंतर ताबा, तोही बहुधा आधी कागदोपत्रीच: दारावर नोटीस चिकटते आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. घरात माणसं राहत असली तर प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कर्जदाराला ऋण वसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात. लिलावाआधी पुन्हा नोटीस, तारीख, आणि बोली लावायला कुणी आलंच नाही तर पुढची तारीख. पतसंस्थेचं कर्ज असेल तर रस्ता वेगळा, सहकार कायद्यातल्या कलम १०१ च्या वसुली दाखल्याचा. पण चोवीस तासांत तिथेही काही होत नाही.

मंगळसूत्राचं तर मी आल्यागेल्याला सांगायचो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० आहे. कुणावर जप्ती आली तरी अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, आणि धार्मिक रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने यांना हात लावता येत नाही. हे इंग्रजांच्या काळापासून लिहून ठेवलेलं आहे आणि आमच्या मालिकांत दर चार महिन्यांनी मंगळसूत्र टेबलावर येतं. (ढोलाचं मात्र खरं आहे. त्याच संहितेत जप्तीची दवंडी पिटण्याची तरतूद अजून आहे. हे कळल्यावर सौ. दोन दिवस माझ्याकडे बघून हसत होत्या.)

माझी मापं जुनी होती. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. त्यात तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी शहरात गिरणीची वाट धरतो, अशी ती गोष्ट. मूकपट, त्यामुळे रडारडीचे संवादही नाहीत. दूरदर्शनवर १९८६ मध्ये 'नुक्कड' आलं, १९८८ मध्ये 'वागळे की दुनिया'. तिथे पैशाची चणचण हा रोजचाच मामला होता. महिनाअखेर, चहाची उधारी, पगाराची वाट. त्यासाठी कुणाला कोसळावं लागायचं नाही. मी म्हणायचो, असं दाखवा.

मग ३ जुलै २००० ची रात्र. एकाच वाहिनीवर, एकाच रात्री 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाल्या. दुसरीतल्या श्रीमंत वाड्याने पुढच्या कित्येक वर्षांच्या मालिकांना नेपथ्य पुरवलं. पहिलीत खुर्चीवर बसून कोटीचे प्रश्न विचारणाऱ्या अमिताभ बच्चन यांची स्वतःची कंपनी तेव्हा कर्जात रुतलेली होती. १९९६ मध्ये बंगळुरूला विश्वसुंदरी स्पर्धा भरवणारी तीच एबीसीएल. आजारी उद्योगांच्या मंडळापर्यंत तिचं प्रकरण गेलं होतं, घेणेकरी घरी येत होते. हे सगळं त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे त्या रात्री पडद्यावरचा कर्जबाजारी माणूस करोडपती बनवत होता, आणि ज्यांना कसलंच देणं नव्हतं ते वाड्यात रडत होते. आमच्या खात्यात हा विनोद बरीच वर्षं चालला.

निवृत्त झालो आणि साडेसातपासून दहापर्यंत घरात तेच चालतं हे पहिल्यांदा नीट कळलं. एका संध्याकाळी अशीच एक थोरली सून सासऱ्यांच्या कपाटात बँकेची नोटीस बघते. सासऱ्यांनी ती सहा महिने दडवलेली असते. मी म्हणालो, "एवढ्या मोठ्या घरात सहा महिने कुणालाच कळत नाही? काहीही दाखवतात." सौ. भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, नोटीस कशी असते ते तुम्हाला माहीत. नोटीस आली की घरात काय होतं ते तुम्हाला कुठं माहीत?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि मला तो किराणा दुकानदार आठवला. तालुक्याच्या गावी त्याच्याकडे नोटीस घेऊन गेलो होतो. दारात रांगोळी, आत टीव्ही चालू. मला बघताच तो चपला अडकवून घाईने बाहेर आला, माझ्या हातातलं पाकीट घेऊन शर्टाच्या आत सरकवलं आणि मागे वळून मोठ्याने म्हणाला, "विम्याचे साहेब आहेत गं, चहा नको!" कोपऱ्यावरच्या टपरीवर मला नेलं. तिथे पोह्यांच्या प्लेटवर कागद ठेवून पोचपावतीवर सही केली. "साहेब, दुकानात या, पण घरी येऊ नका. घरात माहीत नाही." घर तर तारण होतं. गहाणखतावर त्याच्या बायकोची सही होती; ती कशावरची, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. फायलीत मी एक ओळ लिहिली: कर्जदारास नोटीस समक्ष बजावली, पोच घेतली. कागद म्हणून त्या ओळीत काहीच खोट नाही.

असे कितीतरी होते. पगाराच्या दिवशी सासऱ्यांकडून उसने घेऊन 'पगार झाला' म्हणून घरी देणारा एक होता. एका मास्तरांच्या कर्जाचं त्यांच्या मुलीला तिच्या लग्नाच्या याद्या चालू असताना, व्याह्यांकडून कळलं. दाराआडून ऐकणं, कपाटातलं पाकीट, अर्धवट कानावर पडलेला फोन, या मालिकावाल्यांच्या जुन्या युक्त्या म्हणून मी मोडीत काढायचो. कर्ज झालेल्या घरात बातमी खरोखर याच वाटांनी फिरते. समोर बसवून कुणी सांगत नाही. तेव्हा मालिकेतली सर्वांत अशक्य वाटणारी गोष्टच आता मला सर्वांत खरी वाटते.

खलनायकाचंही तसंच. मालिकेत कर्ज होतं ते नेहमी कुणाच्या तरी कपटाने: मेहुणा खोटी सही करतो, भागीदार पळून जातो. फायली वेगळं सांगतात. दवाखाना, लग्न, बसलेला धंदा, कोरडी निघालेली बोअर, एक कर्ज फेडायला काढलेलं दुसरं. पण माझ्या टेबलासमोर बसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस पहिलं वाक्य म्हणायचा, "साहेब, मला फसवलं हो." तो खोटं बोलतोय असं मी धरून चालायचो. खोटं तो बोलत नव्हता. घरात तोंड दाखवता येईल अशी तेवढी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती. मालिका ती गोष्ट त्याच्या बाजूने सांगते. मी टेबलाच्या अलीकडे बसून ऐकत होतो, त्यामुळे मला ती भंपक वाटायची. आता बसायची जागा बदलली आहे, आणि रडारड दाखवण्यावर माझा काही आक्षेप उरलेला नाही.

एका बाबतीत मात्र मत तसूभर हललेलं नाही. तो भाग म्हणजे सुटका. सूनबाई मसाले कुटते, नाहीतर मोदकांची ऑर्डर घेते, आणि पंधरा दिवसांत चाळीस लाख उभे राहतात. बँक मॅनेजर ओशाळून कागद परत करतो, सासरे सुनेच्या डोक्यावर हात ठेवतात, पुढच्या सोमवारी नवं कारस्थान. चाळीस लाखांवर वर्षाला बारा टक्के धरले तरी महिन्याचं नुसतं व्याज चाळीस हजार होतं, आणि मोदकातून एवढं सुटायला किती मोदक लागतील याचा हिशेब कोणतीही गृहिणी करू शकते. मुलीने कॅनडाहून 'शिट्स क्रीक' बघायला सांगितली होती, तिथल्या सीबीसी वाहिनीची, २०१५ ते २०२० या काळातली. व्यवस्थापकाने बुडवलेलं गडगंज घराणं एका खेड्यातल्या मोटेलच्या दोन खोल्यांत येऊन पडतं. फसवणारा तिथेही बाहेरचाच आहे. पण ती माणसं त्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं राहतात आणि जुना महाल परत मिळत नाही. तेवढ्यासाठी मी ती शेवटपर्यंत बघितली.

आणि आपल्या मालिकांत जामीनदार कुठे आहे? महाराष्ट्रातल्या पतसंस्था आणि सहकारी बँका उभ्या आहेत त्याच दोन जामीनदारांच्या सह्यांवर. साडू, मेव्हणा, ऑफिसातला शेजारच्या टेबलावरचा. कायद्याने त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराकडे जा, मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय त्याला नाही. पतसंस्था तर मालकाला कळवून थेट पगारातून कपात करून घेऊ शकते. ज्याने एक रुपया घेतला नाही त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर दुसऱ्याचं कर्ज येतं. त्या दिवसापासून दोन घरांतलं जाणं-येणं बंद होतं, हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही, बारशाला पाठ फिरवली जाते. बहीण भावाला राखी पोस्टाने पाठवते. यात खलनायक कुणीच नाही. दोन्ही घरं आपापल्या जागी बरोबर. सासू-सुनेवर हजार भाग काढणाऱ्यांना हा विषय सापडत नाही याचं मला खरंच नवल वाटतं.

दिवाळं निघणं म्हणजे मालिकेत मरणच. कायद्यात मात्र नादारीचा अर्ज करता येतो, मुंबईत १९०९ च्या आणि बाकी महाराष्ट्रात १९२० च्या कायद्याखाली. न्यायालयाला पटलं तर माणूस त्या देण्यांतून मोकळाही होऊ शकतो. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग डिसेंबर २०१९ मध्ये लागू झाला, तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. ही वाट लांबची आणि किचकट आहे, कबूल. पण वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करू नयेत हा रिझर्व्ह बँकेचा दंडक तर सोपा आहे. तो कुठल्या मालिकेतल्या पात्राच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. एकरकमी परतफेडीची तडजोड होऊ शकते, बँका ती करतात, हेही नाही.

म्हणून मालिका लिहिणाऱ्यांना विनंती आहे. रडवा, पाकीट कपाटात दडवा, मेहुण्याला खोटी सही करू द्या, माझी काही तक्रार नाही. पण पुढच्या जप्तीच्या एपिसोडला त्या अंगणात एक जामीनदार उभा करा. आणि धाकट्या सुनेचा हात मंगळसूत्राकडे गेला की घरातल्या कुणाला तरी, हवं तर मोलकरणीला, एवढंच म्हणू द्या: "वहिनी, राहू द्या. कलम ६०. ते त्यांना नेता येत नाही."