भंडाऱ्याला जाल तेव्हा

भगिनींनो, आगगाडीनं भंडाऱ्याला जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा. 'भंडारा रोड' हे स्टेशन वरठीला आहे, गाव अजून पुढे. वाटेत धानाच्या बांध्या दिसतात. पितळी भांड्यांचं हे गाव. आता हातोड्यांचा आवाज पूर्वीइतका नाही, तरी ऐकू येतो.

मी घरी सांगितलं होतं, पितळी गुंड आणायला जाते. खरं कारण वेगळं. माझी जुनी शेजारीण तिथे नांदते आणि नवरा तिच्यावर हात टाकतो. "पोरांसाठी सोसते, ताई," हेच तिचं पालुपद. एकदा धीर करून कुणापुढे बोलली, तर "घरचं भांडण बाहेर काहून आणता?" हेच ऐकावं लागलं.

आम्ही बाजारातून चाललो होतो. एका दुकानात पितळेवर हातोडा पडला मात्र, तिच्या सात वर्षांच्या मुलानं दोन्ही कान झाकले आणि भिंतीला चिकटला. ती त्याच्याकडे बघतच राहिली. ज्यांच्यासाठी सोसत होती, तेच हे!

दुसऱ्या दिवशी आम्ही सखी केंद्रात गेलो. २०१५ पासूनची ही सरकारी योजना. सल्ला, औषधपाणी, पोलीस, वकील सगळं एकाच छपराखाली, वेळ पडल्यास मुलांसह काही दिवस राहायची सोयही. तिथल्या बाईंनी आधी पाणी दिलं, मुलाला कागद आणि रंग दिले आणि मगच विचारपूस केली.

खरं सांगू, मलाही काही ठाऊक नव्हतं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला तिथे राहायचा हक्क आहे. मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो. संरक्षण अधिकारी अर्जाला मदत करतात, आणि सरकारी वकिली मदत बायकांना फुकट मिळते. अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. पण प्रत्यक्षात वेळ लागतो बरं, तेवढी तयारी ठेवा. १८१ हा फोन नंबर मात्र डब्याच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा.

नवऱ्याला दोनदा बोलावलं, आला नाही. तिसऱ्यांदा आला, मान खाली घालून. ती त्याच घरात आहे. मुलगा अजून दिवा लावूनच झोपतो.

गुंड आणायचा राहिलाच.