चोले जाबे

आमच्या घरात सोनं फार नव्हतं, पण सोन्याबद्दलचा अविश्वास भरपूर होता. अण्णा विट्याकडचे गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या कोरडवाहू गावांतून जी माणसं देशभरच्या सराफपेठांत सोनं-चांदी गाळायला गेली, त्यांतले एक. बिऱ्हाड हावड्यात, कदमतल्याला. भट्टी पुलापलीकडे बडाबाजारच्या सोनापट्टीत. दागिन्यावर ९१६ चा शिक्का दाखवला, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं असल्याची ग्वाही दाखवली, तरी ते म्हणायचे, "लिवणाऱ्याचं काय जातंय? कस लाव."

मी भट्टीवर गेलो नाही. बंगाली लग्नांचे व्हिडिओ जुळवून देतो. या धंद्यात घाई फार. पाहुणे पांगायच्या आत सगळ्यांना सगळं मोबाईलवर हवं असतं. म्हणून मी सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेतलं, आरटीएक्स ३०६०. मदरबोर्ड आणि आय-५ १२४०० प्रोसेसर आदल्याच वर्षी बदलले होते. राहिलं होतं ते जुनं कॅबिनेट आणि त्याच्यासोबत जवळपास फुकट आलेला एसएमपीएस. त्यावर मोठ्या आकड्यांत छापलं होतं, ४५० वॉट.

कार्डाला आठ पिनांची वीजजोडणी लागते. माझ्या एसएमपीएसला तसली तारच नव्हती. हा खरं तर इशारा होता. ज्याला जेवढं झेपतं तेवढीच तोंडं त्याला दिलेली असतात. पण दुकानदाराने हार्डडिस्कच्या दोन जुन्या पिना एकत्र करून आठ पिनांचं टोक बनवणारा एक कन्व्हर्टर काढला आणि म्हणाला, "चोले जाबे, दादा." चालून जाईल. कोलकात्यात निम्मी दुनिया या दोन शब्दांवर चालते आणि बऱ्यापैकी चालतेही. मीही मान डोलावली.

आणि चाललं की! सिनेमे बघितले, मेल पाठवल्या, छोटे तुकडे जुळवले. पण मोठं काम रेंडरला लावलं की चाळीस-पन्नास टक्क्यांवर मशीन गपकन बंद. ना निळा पडदा, ना सूचना. स्वतःच परत सुरू व्हायचं, जसं काही झालंच नाही. मी विंडोज पुन्हा टाकलं. रॅम खोडरबराने घासली. उन्हाळ्यातल्या व्होल्टेजला आणि कार्ड विकणाऱ्याला शिव्या दिल्या. ज्या डब्यातून सगळ्यांना वीज जाते, त्याच्यावर संशय आला नाही, कारण त्याचा पंखा फिरत होता.

एका संध्याकाळी पंखाही थांबला. फट् असा आवाज, जळक्या मासळीसारखा वास. जाताना एसएमपीएस हार्डडिस्कही घेऊन गेला. त्या डिस्कवर शिबपूरच्या एका घरातल्या 'गाये होलुद'चं, म्हणजे हळदीचं, सगळं चित्रण होतं. कॅमेऱ्याची कार्डं मी दोन दिवसांपूर्वीच पुसून दुसऱ्या लग्नाला नेली होती. दुसरी प्रत केली नव्हती, हा गुन्हा माझाच. मी त्यांच्याकडे जाऊन आगाऊ रक्कम परत केली. मुलीच्या आईने पैसे मोजले नाहीत. एवढंच विचारलं, "काहीच नाही उरलं?" मी नाही म्हणालो.

घरी आल्यावर अण्णांनी तो डबा मांडीवर घेतला. चष्मा कपाळावर चढवून बाजूचं बारीक अक्षरांतलं लेबल डोळ्यांजवळ धरलं. "ह्ये बारा व्होल्ट म्होरं सोळा काय लिवलंय?"

"अँपिअर."

"दोन्हीचं काय करायचं आसतं?"

"गुणायचं. वॉट येतात."

"मंग गुण की."

एकशे ब्याण्णव.

"आन् वर साडेचारशे कुणी लिवलंय?"

मी लेबल पुन्हा वाचलं. आजचा प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी भूक बारा व्होल्टवरच भागवतात. पेंटियम ४ च्या आधी पाच व्होल्टचं महत्त्व मोठं होतं. आता ३.३ आणि पाच व्होल्टच्या ओळींत कितीही आकडे भरले तरी त्यांचा उपयोग थोडा. माझ्या कार्डाला १७० वॉट. प्रोसेसर जोरात असताना ११७ पर्यंत. डिस्क, पंखे, बोर्ड धरून मी पन्नासेक मांडले. झाले साधारण ३४०. शिवाय कार्ड क्षणार्धासाठी याहून वर उसळी घेतं. एवढं सगळं १९२ वर! एन्व्हिडिया या कार्डासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते, आणि ते मी खरेदीआधीच वाचलं होतं. ४५० आणि ५५० यांत फरक तो किती, असं मनाशी म्हणालो होतो.

नवा घ्यायला अण्णा सोबत आले. हावडा मैदानापर्यंत टोटो, पुढे मेट्रो. २०२४ पासून नदी खालून ओलांडता येते. अण्णांना त्याचं अप्रूप आहे. मी त्यांना सांगितलं, हुगळीखालचा पहिला बोगदा १९३१ सालचा, पण तो माणसांसाठी नव्हता, हावड्याकडे विजेच्या केबल्स नेण्यासाठी होता. ते म्हणाले, "म्हंजी आपल्या आदी वीज गेली." एस्प्लनेडहून आम्ही चालत चांदनी चौकात पोचलो.

या वेळी दुकान वेगळं होतं. दुकानदाराने माझी कहाणी ऐकली आणि थेट १००० वॉटचा खोका पुढे केला. मी घाबरलेलो, घेतलाही असता. अण्णांनी विचारलं, "पाच तोळ्याला किलोची मूस कशाला?" त्यांचं बरोबर होतं. ८० प्लसची चाचणी वीस, पन्नास आणि शंभर टक्के भारावर होते. त्याहून खूप कमी भारावर मोठा एसएमपीएस उलट जास्त वीज वाया घालवतो, आणि माझं मशीन दिवसातला बराच वेळ रिकामंच बसतं. मी ६५० वॉटचा, ब्रॉन्झ दर्जाचा मागितला आणि पैसे देण्याआधी लेबल वाचलं. बारा व्होल्टवर ५४ अँपिअर. ६४८. छापलेला आकडा आणि गुणाकार जुळत होते. आठ पिनांच्या तारा डब्यातूनच आलेल्या होत्या. हातात तो जड लागला तसा मी खूश झालो. अण्णा म्हणाले, "वजनावर जाऊ नगं. टंगस्टनबी सोन्याइतकंच भरतं."

रात्री रेंडर लावलं. चाळीस टक्के, पन्नास, सत्तर. अण्णा जेवण टाकून शेजारी बसले होते. ऐंशीच्या पुढे गेल्यावर टेबलाखालून पीं-पीं सुरू झालं. मशीन चालू होतं, ओरडत होता तो माझा जुना यूपीएस. तोही ३६० वॉटचा. एसएमपीएस ३४० पुरवत असला तरी भिंतीतून ओढताना ते ४०० च्या घरात जातं, हा हिशेब मी केलाच नव्हता.

मी यूपीएस वगळून प्लग थेट भिंतीत लावला, चित्रणाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर टाकली, मग रेंडर पुन्हा पहिल्यापासून. अण्णांनी तोवर यूपीएस पुढे ओढून घेतला होता.

"सहाशे व्ही ए," त्यांनी वाचलं. "ह्ये आनी काय आसतंय?"